जळकुकडीची ताई करी

तमाम आप्तेष्ट, सोयरेधायरे आणि तेलगाव पंचक्रोशीतल्या समस्त मंडळींना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या घरची ज्वारीची भाकरी परवाच्या मंगळवारी, माजलगावच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलासमोर अचानक निवर्तली. शेवटच्या क्षणी ती गरम होती, तिचा पापुद्रा छान सुटलेला होता आणि तिला कसलाही आजार नव्हता. आजार मला आहे. तिच्या पश्चात पिठलं, ठेचा, येसराची आमटी, लोण्याचा गोळा आणि मी असा मोठा शोकाकुल परिवार आहे. सांत्वनाला येणाऱ्यांनी कृपया पेढे आणू नयेत; तेही त्याच टेबलावर गेले.

दवाखान्यातून परत येताना एसटीत खिडकीशी बसले होते. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे आमची एसटी, असं आमचं वऱ्हाड चाललं होतं. हंगाम नुकताच सुरू झालेला. कारखान्याच्या बाजूने वारा आला आणि त्याच्याबरोबर मळीचा तो वास आला, गोड आणि आंबूस, गूळ करपावा आणि वर कुणी ताक सांडावं तसा. बाहेरगावचा माणूस या वासाला नाकावर रुमाल धरतो. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं तो वास आला की दिवाळी झाली असं समजतो. मी तो छातीभर घेतला आणि मनात म्हटलं, डॉक्टरसाहेब, आता वास घेण्यावर बंदी घाला बरं.

घरी पोचते तोच पुण्याहून लेकीचा फोन. बापाने आधीच बातमी फोडली होती.

"आई, टेन्शन घेऊ नको. लो-कार्ब सुरू करायचं. थाई ग्रीन चिकन करी करत जा. नुसती वाटीतून खायची, भात नाही, भाकरी नाही. तुला माहीत नसेल, पण सोपी असते. व्हिडिओ पाठवते."

"पाठव बाई," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि परसातल्या नळाखालच्या पाट्यावर जाऊन बसले. हल्ली त्याच्यावर कपडे धुतात. त्याच्यावरून हात फिरवला आणि एकटीच हसत सुटले. मला माहीत नसेल म्हणे. अगं बये, तू माझ्या कडेवर बसून अंगठा चोखत होतीस तेव्हा याच पाट्यावर मी त्या करीचं हिरवं वाटण वाटलंय. आणि वाटताना मी जेवढी जळले, तेवढं चुलीतलं लाकूडही जळलं नव्हतं.

मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, जळकुकडी. दुसरीचं बरं झालेलं जिला बघवत नाही ती बाई. हा शब्द ज्या कुणी केला त्याने कोंबडी आणि बाई दोघींना एकाच विस्तवावर बसवलंय. त्या हंगामात आमच्या परसात दोन कुकड्या शिजत होत्या. एक पातेल्यात होती. दुसरी पातेल्याशेजारी पदर खोचून उभी होती.

त्या दिवसांत देश खुला झाला, असं सगळे म्हणत होते. आमच्या शेजारच्या सरूबाईने मला विचारलंही होतं, "ताई, खुला झाला म्हंजी कोन्या अंगानं?" मलाही नीट सांगता आलं नव्हतं. आम्हाला दिसलं ते असं, की किराणा दुकानाच्या दारावर शांपूच्या पुड्यांची तोरणं लागली, चौकात पिवळ्या पाटीची एसटीडी आली, आणि पाटलांच्या माळवदावर परातीएवढी टीव्हीची छत्री उगवली. आणि त्या खुल्या झालेल्या देशातून, चाकांची बॅग ओढत, माझी धाकटी जाऊ स्मिता आमच्या अंगणात आली.

माझा दीर साखर कारखान्यांची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीने त्याला थायलंडला धाडलं होतं. तिथेही ऊस, तिथेही कारखाने. लग्न झाल्या झाल्या स्मिताही गेली. आता इकडच्या कारखान्याचं वाढीव काम निघालं म्हणून दोघं परतली आणि हंगामभर आमच्याकडेच राहणार होती. ती बॅग बघायला अर्धी गल्ली आली. सरूबाईने तर ती अंगणात दोनदा फिरवून बघितली आणि म्हणाली, "वासरू चालवल्यावानी चालती." मी आतून चहा आणला. बॅगेकडे बघितलं नाही. बघितलं, पण बघितलं नाही असं बघितलं.

मला ताई म्हणतात. धारूरला माहेरी मी भावंडांत थोरली, म्हणून ताई. सासरी आले तर दीर शाळकरी होता, तोही ताई म्हणायला लागला. मग घर म्हणायला लागलं, मग गल्ली, आणि शेवटी माझे सासरेसुद्धा. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सासूबाई गेल्यावर चूल माझ्या हातात आली आणि अण्णांचं ताटही.

अण्णा फार कमी बोलायचे. ऊस लावणारी माणसं पाण्यासाठी बोलतात, तोडीसाठी बोलतात, बाकी गप्प असतात. लग्नानंतर माझ्या पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून ते म्हणाले होते, "जमंल." या 'जमंल'वरून 'जमलंय'वर यायला मला दोन सुग्या लागल्या. त्यानंतर मात्र रोज. भाकरी ताटात पडली, पापुद्र्यातून वाफ निघाली, त्यांनी पहिला घास घेतला की "जमलंय." एवढंच. हा शब्द ऐकल्याशिवाय माझ्या पोटात माझं जेवण उतरत नसे. बायका गळ्यातल्या पुतळ्या एकमेकींना दाखवतात. मी 'जमलंय' दाखवत असे. माहेरी गेले की पहिल्या तासाभरात विषय तिकडे नेत असे.

आणि त्याच हंगामाच्या तोंडाला अण्णांना साखर निघाली. जन्मभर ऊस लावला त्या माणसाला. ते स्वतःच म्हणाले, "आमी तिला घातली कारखान्याला, ती घुसली आमच्यात." डॉक्टरांनी गूळ, भात आणि भाकरी तिन्ही बंद केले. कोंबडी, अंडी, पालेभाजी, पाहिजे तेवढं खा म्हणाले.

वाचणाऱ्याला वाटेल, मग अडचण काय. अडचण एका शब्दात आहे. ताटात भाकरीशेजारी जे काही असतं, पिठलं असो, आमटी असो, कोंबडीचा रस्सा असो, त्या सगळ्याला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात. कोरड्या भाकरीला लावून खायचं ते कोरड्यास. भाकरी आहे म्हणून ते आहे. आमची प्रत्येक भाजी, तिचं तिखट, तिचं मीठ, तिचा पातळपणा, भाकरी समोर धरून केलेला असतो. भाकरी काढली की ती मालक गेलेल्या बैलासारखी दावणीला नुसती उभी राहते.

मी मेथी केली. अण्णांनी वाटीत बघितलं. "हे कशाला लावून खाऊ? बोटाला?"

मी कोंबडी केली, येसराचा मसाला घालून, झणझणीत. दोन घास खाऊन त्यांना ठसका लागला. भाकरीशिवाय ते तिखट पेलणारं नव्हतंच. वाटी सारून उठले. असं आठवडाभर चाललं, मग पंधरवडाभर. धोतराची गाठ रोज थोडी आत जायला लागली. बांधावर जाऊन येणारा माणूस ओट्यावरच बसायला लागला. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, यांना काय खाऊ घालू. आणि विचाराच्या तळाशी, खरं सांगायचं तर, तो दुसराही होता: यांना आता माझं काय जमणार.

तेव्हा स्मिता म्हणाली, "ताई, मी एक करून बघू? तिकडची करी आहे. पातळ असते, नुसती पितात तरी चालते."

"बघ की," मी म्हटलं.

'बघ की' हे दोन शब्द थोरल्या जावेच्या तोंडून ऐकणं ज्यांच्या नशिबी आलंय त्यांना त्यांचा अर्थ सांगायला नको. इतरांनी सुखी राहावं.

मला वाटलं होतं, परदेशी पदार्थ, सामान मिळायचंच नाही, आणि प्रश्न आपोआप मिटेल. तिने सांगायला सुरुवात केली आणि एकेक वस्तू माझ्याच घरातून निघायला लागली. तिला हवं ते गवत म्हणजे गवती चहा. मोरीच्या पाण्यावर वाढलेला माझा गड्डा होता, गल्लीभर जायचा. कोथिंबीर हवी, पण मुळांसकट. मुळं आम्ही शेळीला टाकायचो. हिरवी मिरची, लसूण, लिंबाची साल, धने, जिरे, मिरे. आलं नको, आल्यासारखं दुसरं एक मूळ हवं म्हणाली. तिने वर्णन केलं, अण्णा ओट्यावरून म्हणाले, "कुळिंजन म्हनती ती. भजनात आवाज बसला की आमी गालात धरताव." ते माजलगावला काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं, वाळलेलं, रात्रभर भिजवलं. नारळ बाजारातून आले. वांगी हिरवी, गोल, काटेरी, आमच्याच वाफ्यातली. चिमूटभर ताडगूळ तिकडे घालतात, तो अण्णांसाठी वगळला. बाकी राहिली एक बाटली, ती तिने बॅगेतून काढली. तिच्यावर जिलब्यांसारखी अक्षरं होती आणि बूच काढताच आठवडी बाजारातली सुकटीची ओळ अंगणात येऊन बसली. मांजर तीन दिवस परसातून हललं नाही.

आणि एक पाला. "तुळशीसारखा असतो, ताई. अगदी तुळशीसारखा," असं म्हणत स्मिता सहज चालत अंगणात गेली आणि तिने वृंदावनाकडे हात केला.

मी हां हां म्हणत धावले. माझ्या आधी अण्णांचा आवाज पोचला.

"पोरी, तुळस कोंबडीत घातल्यावर मरताना माज्या तोंडात काय घालता? रस्सा?"

स्मिताने हात मागे घेतला. त्या क्षणी मला जे सुख झालं, त्याचं वर्णन करायला नको. देव वाचत असेल. पण ते टिकलं नाही, कारण तोंडातून माझ्याच निघून गेलं, "मग सब्जा चालंल का?" सब्जाचा पाला आमच्या धारूरला दर्ग्याच्या अंगणात ताटव्यांनी असतो; मजारीवर चढवतात. ती म्हणाली, हो, तोच, तोच वास. मी भावाला निरोप धाडला. तो तोडायला गेला तर मुजावरचाचांनी विचारलं, "किसकी मन्नत है, बाबा?" भाऊ म्हणाला, "अण्णांच्या साखरेची." चाचांनी ओंजळभर पाला ओल्या फडक्यात बांधून दिला आणि वर दुआ दिली. तेव्हा त्या करीला पहिल्यांदा जे मिळालं ते दुसऱ्या कुणाची तरी दुआ होती, हे इथे नोंदवून ठेवते.

स्मिता मिक्सर घेऊन आली होती. तो तिने कट्ट्यावर असा मांडला, जसं देवघरात नवा देव. बटण दाबलं. वीज गेलेली. आमच्याकडे वीज हंगामात कारखान्याच्या भोंग्याला भिऊन लपायची. तिने माझ्याकडे बघितलं. मी पदर खोचला.

पाटा माझा, वरवंटा माझा, मनगट माझं, डोळ्यांतलं पाणी माझं, आणि करी तिची. काय न्याय आहे. गवती चहा चिवट. तो ठेचला जाईना. मी अंगातल्या सगळ्या मत्सरानिशी वरवंटा ओढला आणि तो लोण्यासारखा झाला. आजही माझं ठाम मत आहे की या पदार्थाला मिक्सर चालत नाही. मत्सर लागतो. वाटणाचा वास वर आला तेव्हा मात्र मी थांबले. मिरचीचा, लिंबाचा, ओल्या मुळाचा, औषधाचा, आणि त्याच्या आड कसला तरी पावसाळी रानाचा वास. असा वास माझ्या पाट्याने कधी घेतला नव्हता. मला वाटलं, हा दगडसुद्धा फितूर झाला.

वशाट, म्हणजे मांसमच्छी, आमच्याकडे घरातल्या चुलीवर शिजत नाही. परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळी भांडी. तर थायलंडची करी तेलगावात आली आणि तीन दगडांवर बसली. स्मिता कोंबडी थेट नारळाच्या दुधात टाकायला निघाली. मी म्हटलं, "बाई, ही गावरान हाय. तिकडच्यावानी लोण्याची न्हाई. आधी हळद-मिठात शिजीव, न्हाईतर दूध फाटंल तरी हिचा पाय हलायचा न्हाई." तिने ऐकलं. दाट दूध आटवलं, तेल सुटलं, माझं वाटण त्यात पडलं आणि चर्र झालं. मग शिजलेली कुकडी, वांगी, पातळ दूध, ती बाटली, आणि शेवटी दर्ग्याचा सब्जा. परस हिरवं झालं.

अण्णांपुढे वाटी आली. त्यांनी वाकून बघितलं. "शेवाळ काढून आनलं का बारवंतलं?"

"अण्णा, थाई ग्रीन करी," स्मिता म्हणाली.

"ताईनं केली व्हय?"

"ताई नाही अण्णा, थाई. थाई."

"त्येच म्हन्लो."

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्या भागातल्या जिभेला 'ह'चं ओझं बऱ्याचदा सोसत नाही. आम्ही नाही, आमी. तुम्ही नाही, तुमी. त्यात अण्णांचे पुढचे दात गेलेले. त्या थाईच्या 'थ'मधला 'ह' वाटेतच गळला आणि अण्णांच्या कानात शिरेपर्यंत त्याचा 'त' झालेला होता.

त्यांनी वाटी तोंडाला लावली. घोट घेतला. थांबले. पुन्हा घेतला. मग बोटांनी तुकडे खाल्ले, वांगं खाल्लं, तळ चाटला. मी दारात परात घेऊन उभी, रिकामी परात. इतक्या दिवसांनी या माणसाच्या पोटात अन्न चाललेलं बघून माझे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी त्यांनी मिशा पुसत म्हटलं,

"लई जमलंय."

जमलंय नाही. लई जमलंय. हा 'लई' मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. डोळ्यांत आलेलं पाणी होतं तिथेच उकळायला लागलं.

या जळण्याची एक खुबी आहे. वाईट व्हावं असं वाटत असेल तर मत्सर सोपा असतो. माणूस शिव्या देतो, मोकळा होतो. पण मला अण्णांचं भलंच व्हायला हवं होतं. ती करी रोज फसावी असं मी देवापुढे म्हणू शकत नव्हते, कारण फसली असती तर ते उपाशी राहिले असते. तेव्हा मी रोज मन लावून वाटण वाटायचे, जास्तीत जास्त बारीक, जास्तीत जास्त चांगलं, आणि ते जास्तीत जास्त चांगलं झालं की जास्तीत जास्त जळायचे. अण्णा पुन्हा बांधावर जायला लागले. धोतराची गाठ बाहेर आली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "काय खाता हो?" अण्णा म्हणाले, "ताई करी." डॉक्टरांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

आणि इथून ती गंमत सुरू झाली, जिच्यामुळे मला हा लेख लिहायचा धीर होतोय. सरूबाईने वाटीभर नेऊन चाखली आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत डांगोरा. ताईनं एक करी काढलीया, हिरवी. साखरंवर उतारा हाय. ताई करी म्हनत्यात तिला. बायका वाट्या घेऊन यायला लागल्या.

"मला काय विचारता? स्मितानं केलीय. थाई करी हाय ती, थाई," मी म्हणायचे.

"त्येच की, ताई करी."

"अवं ताई न्हाई. थाई नावाचा देश हाय."

"असू द्या, असू द्या," सरूबाई बाकीच्यांकडे वळून म्हणायची. "बगा, किती मोठं मन. धाकटीला मोठेपना देती. न्हाईतर आमच्या जावा."

मी तीन-चार वेळा, अगदी प्रामाणिकपणे, जीभ दाताला टेकवून 'थ' म्हणून बघितला. माझा 'थ' चांगला होता. त्यांचे कान तयार नव्हते. जसजसं मी नाकारत गेले तसतशी माझी थोरवी वाढत गेली. आमचे हे मात्र शहाणे. तीन वाट्या करी खाऊन माझ्याकडे बघत म्हणायचे, "बरी हाय." संसारात टिकलेला माणूस.

एका दुपारी मी परसात गेले तर स्मिता भांडी घासत होती, जरा जास्तच जोराने. मी विचारलं, काय झालं. तिने पातेलं आपटलं.

"ताई, एक सांगू? मी दीड वर्ष शिकले हो ती करी. तिथं शेजारी एक आजी होती. हे सकाळी साइटवर जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मला भाषा येत नव्हती, दुकानाची पाटीसुद्धा वाचता यायची नाही. त्या आजीच्या मागं मागं फिरले. ती मिरची दाखवायची, मी तोडायची. ती हसली म्हणजे बरोबर, नाही हसली म्हणजे चूक. अख्खं दीड वर्ष माझ्याशी बोलणारी ती एकच बाई होती, आणि आम्ही एक शब्द बोललो नाही. आणि इथं सगळे म्हणतात ताईची करी. ताईची, ताईची, ताईची."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हे तोंड मी ओळखत होते. रोज सकाळी आरशात बघत होते. ती माझ्यावर जळत होती. चाकांची बॅगवाली, मिक्सरवाली, विमानात बसलेली स्मिता माझ्यावर, पाट्यापुढे बसलेल्या बाईवर जळत होती. मला तिची दया यायला हवी होती, आणि आलीही. त्या परक्या मुलखातल्या मुक्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. पण दयेच्या पदराला धरून दुसरं कुणीतरी आलंच, आणि कानात म्हणालं, बघ, हिला 'जमलंय' म्हणणारी आजीसुद्धा परदेशी.

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला बसले.  त्या दिवसापासून मी वाटण वाटताना ती समोर बसून लसूण सोलायला लागली. पण जळणं काही थांबलं नाही. समोरासमोर बसून जळायला लागलो, एवढंच. शेकोटीला दोन लाकडं लागतात; एक लाकूड नुसतं धुमसतं.

संक्रांत आली. आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळ्या भाज्यांचं मिळून केलेलं खिंगाट, लोणी. अण्णांनी ताटाआधीच वकिली सुरू केली. "न खाई भोगी तो सदा रोगी. म्हाताऱ्या मान्सांनी सांगून ठिवलंय. डाक्टर त्यांच्यापेक्षा मोठा हाय का?" स्मिता गोड हसून म्हणाली, "अण्णा, तुम्ही आधीच रोगी आहात, तुम्हाला सूट आहे." आणि नुसती भाजी वाढली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात टोपली होती, टोपलीत भाकऱ्या होत्या. मी मान खाली घातली. त्या एका नजरेने मला जेवढं भाजलं, तेवढं तव्याने कधी भाजलं नव्हतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे किंक्रांत. त्या दिवशी आमच्याकडे वशाट असतं. अण्णांनी कारखान्यावरच्या आपल्या दोस्तांना बोलावलं होतं, ताई करी खायला. स्मिताने सकाळीच मला सांगितलं, "ताई, आज घरात भाकरी करायचीच नाही. पाहुण्यांना भात. अण्णांच्या समोर भाकरी दिसली की त्यांचा जीव जातो, परवा भोगीला बघितलंत ना." तिचं बरोबर होतं. तिचं नेहमीच बरोबर असायचं. कुणाचं नेहमी बरोबर असणं माणसाने किती सोसावं. मी तवा धुऊन भिंतीला पालथा टेकवला. लग्न झाल्यापासून सणावारी थंड तवा मी पहिल्यांदा बघत होते.

हे सगळं आज इतकं लख्ख आठवतंय, कारण उद्या स्मिता लातूरहून येतेय. माझी साखर तिला कळली. फोनवर म्हणाली, "सब्जा मी कुंडीत लावलाय, घेऊन येते. बाटलीही आणते. नारळ फक्त आणून ठेवा." मी म्हटलं, "आणि वाटण?" ती म्हणाली, "मिक्सर आहे की आता तुमच्याकडे."  मी फोन ठेवला आणि पाट्यावरचे कपडे काढून त्याला घासून, दोन पाण्यांनी धुऊन उन्हात उभा केला. अण्णा त्या हंगामानंतर पुष्कळ हंगाम जगले. ते कुणामुळे, यावर आमच्या दोघींचं आजतागायत एकमत झालेलं नाही. उद्याही होणार नाही. लेकीने पाठवलेला व्हिडिओ मात्र दोघी मिळून बघू आणि त्या बाईला नावं ठेवू. त्या बाबतीत आमची एकी आहे.

तर करचा दिवस. ओट्यावर पंगत बसली. पाहुणे भात कालवून खात होते, अण्णा वाटीतून पीत होते, सरूबाई उगाच पाणी वाढायला आली होती. पहिला घास पोटात गेला. मग एकेक जण.

"ताई, मानलं बरं का."

"म्या म्हन्तो, ताई करीचा एक हाटेलच टाका चौकात."

"ताईच्या हाताला चवच न्यारी."

स्मिता डाव घेऊन उभी होती. तिच्या कपाळावरची शीर मला दिसली. तिने डाव पातेल्यात ठेवला, पदर सावरला, आणि पहिलीच्या बाई पोरांपुढे उभ्या राहतात तशी पंगतीपुढे उभी राहिली.

"ताई नाही हो. थाई. थ. थवा म्हणतो ना आपण, पक्ष्यांचा? त्यातला थ. म्हणा बरं, थ."

कारखान्यावरची ती मोठमोठी माणसं घास हातात धरून गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. एकाने प्रयत्न केला. "त."

"थ."

"त्त."

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला. आणि मग स्मिता माझ्याकडे वळली, एकदम, सगळ्यांसमोर. "ताई, तुम्ही सांगा. तुम्हीच सांगा, कुणाची आहे ही करी?"

पंगत माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातांना अजून गवती चहाचा वास होता, बोटं मिरचीने पेटलेली होती. मी म्हटलं, "अण्णांना विचार. ताट त्यांचं हाय."   इतके दिवस त्या 'लई'चा मालक कोण हे ठरलं नव्हतं, ते आता ठरणार होतं.

अण्णांनी दुसरी वाटी संपवली. तळाचा सब्जा बोटाने पुसून चाटला. वाटी खाली ठेवली, मिशा पुसल्या. एकदा स्मिताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग आमच्या दोघींच्या मधून पलीकडे, भिंतीला टेकवलेल्या पालथ्या तव्याकडे बघत, पंगतीसमोर मोठ्यांदा म्हणाले,

"कुनाचं का असंना, कोरड्यास लई जमलंय. पर म्हैना झाला नुसतं कोरड्यासच वाढायलाव. भाकर कवा वाढनार?"